वस्ताद, सर, ट्रेनर : शरीर कोणाच्या हाती द्यायचं?

माझा पीएचडीचा विषय महाराष्ट्रातल्या व्यायामशिक्षकाचा इतिहास आहे असं सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. नातेवाईक विचारतात, "मग याच्यावर नोकरी कुठे लागते?" आणि हिंजवडीत राहणारे मित्रमैत्रिणी विचारतात, "ते जाऊ दे, पर्सनल ट्रेनर कसा निवडायचा ते सांग." पहिला प्रश्न आपण सोडून देऊ. दुसरा प्रश्न मात्र मला फार आवडतो, कारण माझा अख्खा प्रबंध त्याच प्रश्नाभोवती फिरतोय. फक्त मी तो जरा वेगळ्या शब्दांत विचारते : आपलं शरीर दुसऱ्या माणसाच्या हाती देताना आपल्याकडच्या लोकांनी त्या माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवला?

प्रश्न जुना आहे. गेल्या दोनशे वर्षांत त्याची निदान तीन वेगवेगळी उत्तरं मराठी समाजाने दिली. आज हिंजवडीच्या एखाद्या जिममध्ये तुम्ही पीटीचं पॅकेज घेता तेव्हा ती तिन्ही उत्तरं तुमच्यासमोर एकदम उभी असतात, फक्त त्यांची सरमिसळ झालेली असते. ती सोडवली तर निवड थोडी सोपी होते. म्हणून आधी इतिहास, मग सल्ला.

हिंजवडी आधी कोणाची?

हिंजवडी मुळशी तालुक्यातलं गाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचं काम सुरू झालं आणि पुढच्या वीसेक वर्षांत फेज वन, टू, थ्री हे शब्द गावाच्या नावापेक्षा जास्त वापरले जाऊ लागले. पण गाव संपलं नाही. चैत्री पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या यात्रेत आजही बगाड निघतं. मुळशी-मावळच्या यात्रांमध्ये कुस्त्यांचा फड लागतो, हलगी वाजते, लोक कडेने बसतात.

कुस्तीच्या इतिहासात मुळशीचं नाव तर फारच वरचं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये स्थापन झाली, त्यामागे मुळशीचेच मामासाहेब मोहोळ होते. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी ठरू लागला आणि विजेत्याच्या खांद्यावर दिसणारी चांदीची गदा मोहोळ कुटुंबाकडून मामासाहेबांच्या स्मरणार्थ दिली जाते.

म्हणजे ज्या तालुक्यात "वस्ताद कोण?" हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला गेला, त्याच तालुक्यात आज लाखभर माणसं अशी राहतात ज्यांना शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हेही ठाऊक नसतं. नागपूर, लातूर, इंदूर, हैदराबादहून आलेली, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीवर बसणारी ही माणसं. त्यातल्या कोणाला तरी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी निघतं किंवा कमरेची चकती सरकते, आणि तो जिमच्या दारात येऊन उभा राहतो. समोरचा ट्रेनर त्याच्यासाठी संपूर्ण अनोळखी. ट्रेनरसाठी तोही अनोळखी. हा अनोळखीपणा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

पहिलं उत्तर : हौद्याचा काठ

पुण्याच्या जुन्या तालमींची नावं बघा. जगोबादादा तालीम, गोकुळ वस्ताद तालीम. तालमीला अनेकदा माणसाचं नाव. संस्था म्हणजे तो वस्तादच. मग त्याची पात्रता कोण तपासायचं?

एक तपासणी परंपरेची. "कोणाचा पठ्ठा?" हा प्रश्न पहिलवानाला त्याच्या नावाच्याही आधी विचारला जायचा. मल्लखांबाच्या परंपरेत सगळे धागे बाळंभटदादा देवधरांपर्यंत नेऊन भिडवले जातात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हैदराबादहून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आव्हान द्यायला आले, कोणी पुढे होईना, तेव्हा तरुण बाळंभटदादांनी मुदत मागून घेतली, सप्तशृंगीला जाऊन तप केलं, माकडाच्या हालचालींवरून मल्लखांबाची विद्या मिळवली आणि अलीला हरवलं, अशी आख्यायिका. यातलं माकड खरं की खोटं हा इतिहासकाराचा प्रश्न नाही. गोष्ट सांगण्याचा हेतू महत्त्वाचा : आमची विद्या कुठून आली, ती कोणाकडून कोणाकडे गेली आणि तिची परीक्षा चारचौघांत कशी झाली, हे शिष्यांना सांगता यायला हवं होतं. आजच्या भाषेत तो बायोडेटाच.

दुसरी तपासणी शिष्यांची. लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांचं नाव आज आपण घेतो ते मुख्यतः त्यांच्याकडे कोण कोण शिकलं यामुळे. जोतीराव फुले, वासुदेव बळवंत फडके ही नावं त्यांच्या तालमीशी जोडली जातात. वस्तादाचं स्वतःचं शरीर उतारवयात कसं दिसत होतं याची चौकशी कोणी करत नसे. त्याने घडवलेली माणसं कशी निघाली ते बघत.

तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलंय. ती म्हणजे काठावरची माणसं. तालमीत हौदा असतो, त्यात ताक, हळद, तेल घालून मळलेली तांबडी माती असते आणि हौद्याच्या काठावर कोणी ना कोणी बसलेलं असतं. जुने पहिलवान, पेठेतले म्हातारे, पोराला घेऊन आलेला बाप. नवीन पोराला पहिल्या दिवशी कोणी डाव शिकवत नाही. तो हौदा उकरतो, जोर मारतो, बैठका काढतो, इतरांचं बघतो. त्याचा दम आणि सांधे कसे आहेत ते वस्ताद तेवढ्यात जोखतो. आणि वस्ताद त्याला कसं वागवतोय हे काठ जोखत असतो. एखाद्याचा खांदा उतरला तर संध्याकाळपर्यंत पेठेला कळायचं. त्याच पेठेत वस्तादाचं घर असायचं. तो उद्या दुसऱ्या कंपनीत निघून जाणार नसायचा.

आता इथे थांबून "जुनं ते सोनं" म्हणायचा मोह होतो. पण या काठाला दारही होतं आणि ते सगळ्यांना उघडं नव्हतं. बायकांना बहुतेक तालमींत पाऊल ठेवायचीही परवानगी नव्हती. पुरुषांचा पहिला महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये ठरला. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीची प्रतीक्षा बागडी, साल २०२३. मध्ये बासष्ट वर्षं गेली. जात, पेठ, गाव यांच्या ओळखीवर चालणारी व्यवस्था ओळख नसलेल्याला बाहेरच ठेवते. लातूरहून आलेली टेस्टिंगमधली मुलगी त्या काठावर कुठे बसली असती? शिवाय तालमीचं ज्ञान पहिलवान घडवण्याचं होतं. अडतिसाव्या वर्षी गुडघा दुखणाऱ्या माणसासाठी तिथे काही अभ्यासक्रम नव्हता.

दुसरं उत्तर : अंगच दाखला

आपल्याकडे बिनबाह्यांच्या बनियनला "सँडो" म्हणतात. तो सँडो म्हणजे युजेन सँडो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा जगातला सगळ्यात प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. १९०१ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल तिथे परीक्षक होते. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला.

सँडोने काय बदललं? त्याच्या आधी पहिलवानाची परीक्षा कुस्तीत व्हायची. सँडोच्या जगात परीक्षा नजरेने होऊ लागली. फोटो छापता येऊ लागले होते, पुस्तकं आणि व्यायामाची साधनं टपालाने पाठवता येऊ लागली होती. शिक्षक समोर असण्याची गरजच उरली नाही. त्याचा फोटो बघा, त्याचं पुस्तक मागवा, घरी आरशासमोर करा. बंगळुरूच्या के. व्ही. अय्यर यांनी पुढे अशाच टपाली अभ्यासक्रमातून देशभर शिष्य मिळवले.

त्यात एक चांगली गोष्ट झाली. ज्याला तालमीत जागा नव्हती तो घरच्या घरी व्यायाम करू शकला. पण एक गफलतही त्याच वेळी रुजली, ती अजून निघालेली नाही : ज्याचं अंग चांगलं त्याला शिकवता येतं ही समजूत. स्वतःचं शरीर कमावणं आणि दुसऱ्याचं शरीर ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. इन्स्टाग्रामवर ट्रेनरचे दंड बघून पैसे भरणारा माणूस नकळत १९०१ च्या त्या हॉलमध्ये परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला असतो. दंडांना गुण देता येतात, शिकवण्याला त्या खुर्चीतून गुण देता येत नाहीत.

तिसरं उत्तर : कागद

माझ्या संशोधनाचा बराचसा वेळ १९१४ ते १९३८ या पंचवीस वर्षांत जातो. "व्यायामशिक्षक" हा नोकरी करणारा, परीक्षा पास झालेला माणूस आपल्याकडे याच काळात तयार झाला.

सुरुवात बडोद्याला. तिथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्राध्यापक माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य, म्हणजे जुन्या परंपरेतलेच. पण त्यांनी एक नवी गोष्ट केली. एकट्या पहिलवानाऐवजी शेकडो मुलांना एका वेळी व्यायाम देता यावा म्हणून संघव्यायाम बसवला, कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत आणले. शेकडो मुलांना एकसारखं शिकवायचं तर शिक्षकही एकसारखे घडवावे लागतात. मग अभ्यासक्रम लागतो, परीक्षा लागते.

१९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तिथल्या उन्हाळी वर्गांना लांबलांबून माणसं येत आणि शिकून आपापल्या गावी शिक्षक होत. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलं. त्याच साली, हिंजवडीपासून द्रुतगती मार्गाने तासाभरावर असलेल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे तरुणपणी माणिकरावांकडेच शिकले होते. पण गुरूने सांगितलं म्हणून आसन चांगलं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. एक्स-रे आणि रक्तदाब मोजण्याची उपकरणं घेऊन त्यांनी यौगिक क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते मोजायला घेतलं आणि "योगमीमांसा" या नियतकालिकात छापलं. बडोद्यातच द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी "व्यायाम ज्ञानकोश" दहा खंडांत काढला. वस्तादाच्या डोक्यात असलेलं ज्ञान आता कपाटात ठेवता येऊ लागलं, तपासता येऊ लागलं, त्यावर वाद घालता येऊ लागला.

दुसरीकडून मिशनऱ्यांची वाट येत होती. मद्रासला १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं. शेवटी १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था उघडली, पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ. या सगळ्या धोरणामागच्या सरकारी समितीच्या अध्यक्षपदी होते कुवलयानंद. तालमीतून निघालेली वाट सरकारी शिक्क्यापर्यंत पोहोचली होती.

इथे माझ्या प्रबंधातला मुख्य मुद्दा सांगते. प्रमाणपत्र निघालं ते वस्ताद वाईट होते म्हणून नाही. कांदिवलीहून पास झालेला शिक्षक धुळ्याच्या किंवा धारवाडच्या शाळेत जाणार होता. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं, त्याचा वस्ताद कोण हे कोणाला माहीत नव्हतं. ओळख नाही, म्हणून कागद. प्रमाणपत्र ही अनोळखी माणसांमध्ये विश्वास बसावा म्हणून केलेली सोय आहे. तेवढंच तिचं काम, पण ते काम लहान नाही. हिंजवडीसारख्या गावात तर त्याच्याशिवाय पानही हलू नये.

पण पात्र कशासाठी?

कागदाच्या बाजूने एवढं बोलल्यावर खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायलाच हवी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा लाल मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते. तिथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं आणि ते फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला, बँटमवेट गटात कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मातीतले त्यांचे गुरू अपात्र होते का? अजिबात नाही. त्यांच्याशिवाय खाशाबा लंडनपर्यंत पोहोचलेच नसते. पण मॅट ही वेगळी जागा होती आणि तिच्यासाठी वेगळं ज्ञान लागत होतं. "हा माणूस पात्र आहे का?" हा अर्धाच प्रश्न. "माझ्या कामासाठी पात्र आहे का?" हा पूर्ण प्रश्न. स्पर्धेसाठी शरीरसौष्ठवपटू तयार करणारा उत्तम ट्रेनर बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी व्यायामाला आलेल्या बाईसाठी योग्य असेलच असं नाही.

आज जिमच्या भिंतीवर टांगलेल्या अमेरिकन प्रमाणपत्रांचा उगमही असाच विशिष्ट कामातून झालाय. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही संस्था १९५४ ची. तिने प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली १९७५ मध्ये, आणि ती होती हृदयविकाराच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेणाऱ्यांसाठी. मग एरोबिक्सची लाट आली, गल्लोगल्ली वर्ग निघाले, आणि १९८५ मध्ये जी संस्था सुरू झाली तिलाच आपण आज अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, म्हणजे "एस", म्हणून ओळखतो. इथेही तेच : अनोळखी शिक्षक, अनोळखी ग्राहक, मध्ये कागद.

भारतात २००० नंतर साखळी जिम पसरल्या तशी ही प्रमाणपत्रं आली, देशी अकादम्याही निघाल्या. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला आणि खेळ व फिटनेसच्या कौशल्य परिषदेने "फिटनेस ट्रेनर" या कामाची पात्रता लिहून काढली. पण डॉक्टर किंवा वकिलाला जशी कायद्याने नोंदणी लागते तशी ट्रेनरला लागत नाही. त्यामुळे चार महिने अभ्यास करून परीक्षा दिलेला आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून शिक्का घेऊन आलेला, दोघांच्याही टी-शर्टवर "सर्टिफाइड" लिहिलेलं असू शकतं.

काठ हरवल्यावर काय होतं

कागद आला, पण काठ गेला. पर्सनल ट्रेनिंग हे नावच बघा. वैयक्तिक. ट्रेनर आणि तुम्ही, एक तास, कानात गाणी. शेजारच्या बेंचवरचा माणूस तुमच्याकडे बघत नाही, बघणं असभ्यपणाचं मानलं जातं. तुमची पाठ चुकीच्या पद्धतीने वाकत असेल तर ते कोणाच्या लक्षात येणार?

याचा सगळ्यात वाईट परिणाम औषधांच्या बाबतीत दिसतो. मेफेंटरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहे. ते जिममधल्या मुलांना "स्टॅमिना"साठी विकल्याच्या प्रकरणांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा अटका केल्या आहेत. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवणारं औषध, डॉक्टरशिवाय, वर जड व्यायाम. तालमीतही खुराकाचं वेड होतंच, दूध-बदाम-तूप यांच्या अतिरेकाच्या कथा कोल्हापुरात भरपूर ऐकायला मिळतात. पण खुराक सगळ्यांसमोर खाल्ला जायचा. सिरिंज कोणी काठावर बसून घेत नाही.

दुसरा धोका कमी नाट्यमय आहे पण आयटीतल्या माणसाला जास्त जवळचा. वर्षानुवर्षं खुर्चीवर बसलेल्या शरीराकडून पहिल्याच आठवड्यात शेकडो उठाबशा काढून घेतल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर दुखणं असह्य झालं आणि लघवीचा रंग चहा-कोलासारखा गडद दिसला तर ट्रेनरला व्हॉट्सअॅप करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. नव्या पोराकडून आधी हौदा उकरून घेणारे वस्ताद हा शब्द जाणत नव्हते, पण घाई करायची नाही हे त्यांना पक्कं कळत होतं.

मग निवडायचं कसं?

तीन उत्तरांपैकी अंगाचा दाखला मी सरळ बाजूला ठेवते. उरलेली दोन, परंपरा-काठ आणि कागद, एकत्र वापरायची. पैसे भरायच्या आधी हे विचारा :

१. "कोणाकडे शिकलात आणि कोणाला शिकवलंय?" आधी-नंतरचे फोटो बघू नका. त्याच्याकडे वर्ष-दोन वर्षं टिकलेल्या, तुमच्यासारखंच वय आणि दुखणं असलेल्या एखाद्या माणसाशी बोलायला मागा.

२. "प्रमाणपत्र कोणाचं आणि कधीपर्यंत?" चांगल्या संस्थांची प्रमाणपत्रं काही वर्षांनी नूतनीकरण करावी लागतात. देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव पडताळून बघा. सीपीआर आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, हे वेगळं विचारा.

३. पहिल्या दिवशी तो तुम्हाला काय विचारतो ते बघा. कॅनडात १९७० च्या दशकात व्यायामाआधीची एक प्रश्नावली तयार झाली, १९९२ मध्ये ती सुधारली. सात प्रश्न : हृदयाचं काही दुखणं, छातीत दुखणं, चक्कर, सांधे, औषधं वगैरे. जगभर ती किंवा तिच्यासारखी वापरली जाते. काहीही न विचारता वजन हातात देणाऱ्याने तुमचं शरीर अजून बघितलेलंच नाही.

४. "हे माझं काम नाही, डॉक्टरांना दाखवा" असं तो कधी म्हणतो का? फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर या तिघांची कामं एकटाच करणाऱ्यापासून सावध राहा.

५. त्याचं पोट कशावर चालतं? पावडरचा डबा विकला की त्याला वाटा मिळत असेल तर त्याचा आहारसल्ला त्या हिशेबाने ऐका. यात ट्रेनरलाच खलनायक करू नका. तुम्ही भरलेल्या पीटीच्या रकमेतला मोठा हिस्सा जिमने ठेवला तर तो दुसरीकडून कमावणारच. पगार कसा ठरतो हे विचारण्यात काही गैर नाही.

६. इंजेक्शन किंवा नाव नसलेल्या गोळ्यांचा विषय निघाला तर तिथून निघा. उरलेल्या पैशांचा विचार नंतर करा.

आणि सातवी गोष्ट प्रश्न नाही, काम आहे. काठ परत तयार करा. हिंजवडीतल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांमध्ये जिम आहे, ट्रेनर बाहेरून येतो. त्याची प्रमाणपत्रं, त्यांची मुदत आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण याची प्रत सूचनाफलकावर लावा, असा ठराव सोसायटीच्या सभेत मांडता येतो. पार्किंगवर दोन तास भांडणारी सभा यावर दहा मिनिटं देऊ शकते. एकाच ट्रेनरकडे जाणाऱ्या चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा आपापले अनुभव एकमेकांना सांगितले तरी पुष्कळ. ज्याला काम येतं असा ट्रेनर याला घाबरत नाही, उलट त्याचं नाव होतं.

हे जमतं का? हिंजवडीला लागून असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. हर्षवर्धन सदगीर विरुद्ध शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमीत एकमेकांशी जोर करून वाढलेले. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. कुस्ती मॅटवर, गुण मोजायला पंच, प्रशिक्षक अर्जुन पुरस्कार मिळवलेला आणि तरीही लोक त्याला वस्तादच म्हणतात. कागद आणि काठ एकाच जागी नांदू शकतात, त्याचं हे उदाहरण हिंजवडीच्या चौकातून पंधरा-वीस मिनिटांवर घडलं. अर्थात, ट्रॅफिक नसेल तर.

पुढच्या लेखात याच विषयाची दुसरी बाजू : तालमीची दारं बंद असताना मराठी मुली व्यायाम कुठे शिकल्या आणि त्यांना कोणी शिकवलं.